पुरा आकडा

आकडा दिसला की तो त्याच्याखाली बोट ठेवायचा. उजव्या हाताची तर्जनी, नख अगदी मुळापर्यंत कापलेलं. मग एकेक अंक सुटा करून वाचायचा. बावन्न असं कधी म्हणायचा नाही. "पाच. दोन." आणि बोट तसंच ठेवून माझ्याकडे बघायचा. "परत वाचा, ताई."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. कुलूप लावून जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन ते ओढून बघणारं, गॅस बंद केला होता का या शंकेने स्टँडवरून घरी परत फिरणारं. आपण अशा माणसांना हसतो आणि त्यांच्यावर वैतागतोही. मी दोन्ही भरपूर केलं. एसटीचा नंबर, लग्नपत्रिकेवरची तारीख, आंब्याच्या पेटीवर लिहिलेले डझन, क्रिकेटचा स्कोअर, कशालाही त्याच्या तर्जनीतून सुटका नव्हती. "जेवताना भाकऱ्या पण अशाच वाचतोस का रे?" असं मी एकदा विचारलं. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "त्या आई बघते."

मी तेव्हा रत्नागिरीत मिरकरवाड्याला बोटवाल्यांच्या एका सोसायटीत वायरलेसवर होते. भाट्याहून पूल ओलांडून रोज यायचे. जेटीच्या तोंडाशी आमची खोली होती, बाहेर बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज आणि आत वायरलेसची खरखर. समुद्रात गेलेली प्रत्येक बोट दिवसातून एकदा तरी आपली जागा कळवायची. बोटींवर जीपीएस आलं होतं, त्यामुळे जागा म्हणजे अंश आणि मिनिटांचे आकडे. ते मी भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचे. आधी बोटीचं नाव आणि पुढे आकडे, सगळं मराठीत.

मग संध्याकाळच्या आत बायका यायच्या. खोलीच्या दारात उभं राहून फळा बघायच्या, आपली बोट सापडली की पदर सावरून निघून जायच्या. कुणी कुणाला असं करायला सांगितलेलं नव्हतं. मासे विकून घरी जाताना फळा बघून जायचा, एवढीच रीत पडली होती.

त्याची आई त्यांतलीच एक. तिला आम्ही सगळे खाला म्हणायचो. तिचा थोरला मुलगा 'रहमत' नावाच्या बोटीवर तांडेल होता, म्हणजे बोट आणि खलाशी दोन्ही त्याच्या हुकमात. खाला उर्दू शाळेत शिकलेली, तिला मराठी वाचता यायचं नाही. पण रहमत फळ्यावर तिसऱ्या ओळीत असायची. ती ओळ भरलेली दिसली की मुलगा वायरलेसवर बोलला हे तिला कळायचं. म्हणून मी फळा कितीही वेळा पुसला तरी रहमत तिसऱ्याच ओळीत लिहायचे.

आणि ज्याची ही गोष्ट आहे तो तिचा धाकटा. त्याला समुद्र मानवायचा नाही. धक्क्याला बांधलेल्या बोटीत पाय ठेवला तरी त्याच्या पोटात ढवळायला लागायचं. सात पिढ्या पाण्यावर काढलेल्या घरात असा एक निपजला म्हणून सगळे त्याची थट्टा करायचे. तो मुंबईत राहून कॉम्प्युटर शिकला आणि परत आला. आमच्या सेक्रेटरींनी त्याला सोसायटीत आणलं, एक टेबल दिलं आणि म्हणाले, "ह्या फळ्याचा कायतरी कर. खडूने सगळ्यांना खोकला लागलाय."

त्याने फळ्याचं काम कॉम्प्युटरवर आणलं. पडद्याच्या एका बाजूला बोटींची यादी आणि दुसऱ्या बाजूला आपल्या किनाऱ्याचा नकाशा, जयगडच्या वरपासून गोव्याच्या थोडं खालीपर्यंत. मी यादीत जागा टाकली की नकाशावर त्या बोटीचा ठिपका उमटायचा. पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. कॉम्प्युटरने नावं आपल्या मनाने क्रमवार लावली आणि रहमत कुठल्या कुठे खाली गेली. खाला दारात आली, तिसरी ओळ रिकामी बघितली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर मुकाट्याने रहमत तिसऱ्या ओळीत दाखवायला लागला. सेक्रेटरींनी कारण विचारलं तेव्हा तो फक्त म्हणाला, "इथली पद्धत आहे."

आता थोडं कॉम्प्युटरचं सांगावं लागेल. मी त्यातली नव्हे, त्याच्या शेजारी बसून जेवढं समजलं तेवढंच सांगते. सुरुवातीच्या काळात कॉम्प्युटरवरचं मराठी वरवरचं होतं. पडद्यावर मराठी ५ दिसायचा, पण मशीनच्या लेखी तो इंग्रजीच पाच, फक्त अक्षराचा साचा मराठी. पुढे युनिकोड आलं. त्यात जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला आणि अंकाला स्वतःची वेगळी ओळख मिळाली. आपला पाच आतूनही आपला पाच झाला. त्याला याचं इतकं अप्रूप की नवी व्यवस्था बसवली त्या सकाळी त्याने मला नुसता एक ५ टाकायला लावला आणि आम्ही दोघं तो बघत बसलो.

"हा खरा, ताई."

"आधीचा काय खोटा होता?"

"आधीचा आपले कपडे घालून आलेला पाहुणा होता."

त्याने सगळी यादी तपासली. बोटींची नावं बरोबर, आकडे बरोबर दिसतात, तिसरी ओळ जागेवर. मग एका मासळीच्या कंपनीतला प्रिंटर बिघडला होता तो बघायला गेला.

ऑक्टोबर संपत आला होता. त्याच दिवशी दुपारी वारा फिरला, पाण्याचा रंग बदलला. जवळपासच्या बोटी भराभर बंदरात शिरायला लागल्या. त्या दिवशी वायरलेसवर पहिला आवाज रहमतचा आला. बोटीचं मशीन बंद पडलं होतं, नांगर धरत नव्हता, बॅटरी उतरत चालली होती. तांडेलाने जागा दोनदा सांगितली आणि आवाज तुटला. सोळा अंश बावन्न मिनिटं, त्र्याहत्तर अंश चार मिनिटं. मी आकडे टाकले. यादीत ते नीट दिसले. नकाशावर ठिपका उमटला तो पार खाली, मालवणच्या बाहेर.

सेक्रेटरी ठिपक्याकडे बघून म्हणाले, "एवढा खाली कसा गेला हा?" पण आपल्या बोटी मासळीच्या मागे तिकडे जातात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. त्यांनी मालवणला ओळखीच्या माणसांना फोन लावला. तिथून बोट सोडायचं ठरलं. आमच्या धक्क्यावर दोन बोटी निघायला तयार होत्या, त्यांना सांगितलं, तुमचं काम नाही, तुम्ही पोचेपर्यंत उशीर होईल.

तो आला तेव्हा मी त्याला काय झालं ते सांगितलं. भाऊ समुद्रात अडकलेला, पण त्याने आधी काही विचारलं नाही. पडद्याजवळ गेला, तिसऱ्या ओळीतल्या आकड्यांखाली तर्जनी ठेवली. "पाच. दोन." मग नकाशाकडे बघितलं. पुन्हा आकड्यांकडे. "परत वाचा, ताई."

मी वाचलं.

"तो हेच बोलला? बावन्न?"

"दोनदा बोलला."

त्याने तर्जनी ठिपक्याखाली नेली. अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग हा ठिपका खोटा आहे. भाय इथंच समोर आहे."

"कॉम्प्युटर खोटा कशाला बोलेल रे?" सेक्रेटरी म्हणाले. त्याने कागदावर आकडे लिहिले आणि चपला न घालता जेटीवर पळत सुटला. थोड्या वेळाने तयार असलेल्या दोन्ही बोटी बाहेर पडताना मी खिडकीतून बघितल्या.

त्यानंतरचा वेळ मी कधी विसरणार नाही. तो परत येऊन खुर्चीत बसला, दोन्ही हात गुडघ्यांत धरून. वायरलेसवर नुसती खरखर. पडद्यावर मालवणच्या बाहेर तो ठिपका तसाच. मी म्हटलं, पुसून टाक तो. म्हणाला, "राहू दे. कुठे चुकलं ते बघायचंय." आणि बघत काहीच नव्हता.

अशात खाला आली. दारात उभी राहिली, तिसरी ओळ बघितली. ओळ भरलेली होती. पण खोलीतली शांतता तिला कळली असावी.

"भाय बोलला?"

"बोलला, दुपारी," तो म्हणाला.

ती थांबली. त्याने पुढे काही सांगावं म्हणून थांबली असणार. तो पडद्याकडे वळला. ती माझ्याकडे बघून निघून गेली. खोटं तो बोलला नव्हता. भाऊ दुपारी बोललाच होता.

काळोख पडायच्या आत रहमतला दोर बांधून आणलं. बावन्नवर नाही, वाऱ्याने थोडी पुढे सरकली होती, पण तिथल्याच आसपास सापडली. मालवणहून निघालेली बोट रिकामीच परतली. सगळे खलाशी धड होते. तांडेलाने धक्क्यावर उडी मारली, धाकट्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि चहा मागवला. याने चहा घेतला नाही. समुद्राकडे तोंड करून ओकला. पाण्यात पाय न घालता त्याला समुद्र लागला, यावर पुढे बरेच दिवस थट्टा चालली.

खालाला खरी हकीकत बाजारात कळली. दुसऱ्या दिवशी ती आली ती दारात थांबली नाही, सरळ आत त्याच्यासमोर गेली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "माला अर्धा सांगितलंस. अर्धा सांगत जाऊ नको. पुरा सांग, नायतर माहीत नाय असा सांग. मी काय मरणार नाय." आणि डब्यातलं घावन त्याच्या टेबलावर ठेवून गेली. त्याने ते दिवसभर उघडलं नाही.

चूक कुठे होती ते त्याने मला समजावून सांगितलं, मला समजलं की नाही हे दोनदा तपासूनही घेतलं. पडद्यावर आपण आकडा टाकतो तो मशीनसाठी नुसता मजकूर असतो. त्याची मोजता येणारी संख्या करावी लागते. ते काम त्याने लिहिलेलं नव्हतं. ज्या भाषेत तो प्रोग्रॅम लिहायचा त्या भाषेतच ती सोय तयार मिळायची. त्या सोयीला इंग्रजी शून्य ते नऊ एवढेच अंक ठाऊक. अनोळखी काही दिसलं की तिथे थांबायचं, तोवर जेवढं कळलं तेवढं पुढे द्यायचं, आणि काहीच कळलं नसेल तर शून्य द्यायचा. तक्रार करायची नाही. सोळा आणि त्र्याहत्तर हे अंश आमच्याकडे नेहमीचेच म्हणून त्याने ते आधीच भरून ठेवले होते. मी टाकत होते ती फक्त मिनिटं, आणि त्या सकाळपासून ती खऱ्या मराठी अंकांत होती. मशीनला बावन्न कळले नाहीत, चार कळले नाहीत. उरले नुसते सोळा आणि नुसते त्र्याहत्तर. ती जागा मालवणच्या बाहेर येते.

"ती सोय अर्धंच सांगते, ताई," तो म्हणाला. "आणि पुरं सांगितल्यासारखं सांगते."

आमच्यापुरती दुरुस्ती त्याने त्याच दिवशी केली. मराठी अंक आला की आधी त्याचा इंग्रजी करायचा आणि मग पुढे पाठवायचा. सेक्रेटरी म्हणाले, त्यापेक्षा भिंतीवर पाटी लावून टाक, आकडे इंग्रजीतच टाकावेत म्हणून. ते त्यांचंही चुकीचं नव्हतं. पण हा ऐकेना. "वारा सुटल्यावर पाटी कोण वाचतो? आणि ताईंनी काय चूक केली? त्यांनी पाच लिहिला तो पाचच आहे." पाटी लागली नाही. इतका भित्रा माणूस एखाद्या गोष्टीवर असा अडून बसतो तेव्हा समोरच्याचा नाइलाज होतो.

पण दुरुस्ती करूनही त्याला चैन पडेना. आपण आपल्या खोलीतलं भोक बुजवलं, पण उद्या कुणी दवाखान्यासाठी प्रोग्रॅम लिहील, औषध किती द्यायचं ते मराठीत टाकील, मग? कुणी गुजरातीत टाकील, कुणी बंगालीत. त्याच्या डोळ्यांसमोर जगभरचे खोटे ठिपके उभे राहायचे. मी म्हटलं, जगाचा भार तुझ्या एकट्याच्या डोक्यावर दिलाय का कुणी? तो म्हणाला, "मला माहीत आहे ना पण. ज्यांना माहीत नाही त्यांना झोप लागते."

म्हणून त्याने मूळ भाषेतच दुरुस्ती करायचं ठरवलं. ती भाषा फुकट मिळायची आणि देशोदेशीची माणसं पत्रव्यवहार करून ती घडवायची. त्याने आकडे वाचणाऱ्या त्या सोयीला सगळ्या लिपींतले अंक शिकवले आणि ते त्यांच्याकडे ईमेलने पाठवलं. आमच्याकडे इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून चालायचं. तो ईमेल बघायला बसला की फोन बंद. सेक्रेटरी बाहेरून ओरडायचे, "अरे बाबा, तुझा जग सुधारून झाला असेल तर फोन सोड. बर्फवाल्याला लावायचाय."

उत्तरं यायची ती वाचून तो जास्तच घाबरायचा. कुणी लिहिलं, याने काम हळू चालेल. कुणी विचारलं, कॉम्प्युटरवर असे आकडे खरोखर कोण टाकतं? तो प्रश्न त्याला फार लागला. दोन दिवस जेवला नाही नीट. मग त्याने त्यांना फळ्याबद्दल लिहिलं. बायका दारात येऊन आकडे बघतात, इथपासून रहमतच्या ठिपक्यापर्यंत सगळं. पाठवण्याआधी मला मराठीत सांगितलं आणि विचारलं, "यात अर्धं काही राहिलं नाही ना?"

उर्दू अंकांसाठी त्याने खालाला खोलीत बोलावून पाटीवर शून्यापासून नऊपर्यंत लिहायला लावलं. युनिकोडच्या तक्त्यात सगळं होतंच, पण आईच्या हातचं बघितल्याशिवाय त्याचा विश्वास बसणार नव्हता. खालाने काढलेला पाच गोल, थेट आपल्या शून्यासारखा. तो बघून याला घाम फुटला. खाला म्हणाली, "पाच हाय तो. घाबरतोस काय?" मशीन दोघांना आतून वेगळं ओळखतं, चेहरा बघत नाही, हे त्याने स्वतःलाच तीनचारदा सांगितलं. नंतर आठवडाभर माझ्या प्रत्येक शून्याकडे तो संशयाने बघायचा.

सगळ्यात जास्त वाद झाला तो पुढच्या गोष्टीवर. एखादा आकडा कळलाच नाही तर काय करायचं? तिकडच्यांपैकी काहींचं म्हणणं होतं, आजवर जसं चाललंय तसं चालू द्या, जेवढं कळेल तेवढं घ्या. याने त्यांना काय लिहिलं ते मला पाठ आहे, कारण ते खालाचंच होतं. पुरं सांगा, नाहीतर माहीत नाही असं सांगा. इंग्रजीत ते कसं वाटलं असेल कोण जाणे.

आमच्या प्रोग्रॅममध्ये त्याने ते लगेच घातलं. आकडा कळला नाही तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायचं, 'आकडा कळला नाही. पुन्हा टाका.' आणि आकडा कळला पण जागा आमच्या किनाऱ्याच्या बाहेरची असेल तर, 'आकडा मिळाला. ही जागा या नकाशात नाही.' मी म्हटलं, "आपल्या बोटी नकाशाबाहेर कुठे जाणार आहेत?"

"गेलंच कुणी, तर सांगायला नको?"

तिकडून निर्णय येईना आणि इकडे घरातून बोलावणी यायला लागली. त्यांच्या घरातला एक तरी मुलगा आखातात असायचा, काका परतले होते, आता पाळी याची होती. कुवेतला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम मिळालं. बोटीने नको जायला, विमान आहे, म्हणून सेक्रेटरींनी त्याला चिडवलं. जाण्याआधी त्याने मला सगळं पुन्हा पुन्हा दाखवलं. कुठली वायर कशात, वीज गेली तर आधी काय बंद करायचं. निघताना टेबलाजवळ उभा राहिला आणि रहमतच्या ओळीखाली तर्जनी ठेवली. त्या दिवशीची जागा वाचली. मी न सांगता परत वाचली.

तिकडे शुक्रवारी सुट्टी. दर शुक्रवारी सोसायटीत त्याचा फोन यायचा. घरी आईला करायचाच, पण मला वेगळा. कशा आहात, काय चाललंय हे झटकन उरकायचं आणि मग, "रहमत कुठे आहे?" मी वाचायचे. "सुटे वाचा." मी एकेक अंक वाचायचे. "परत वाचा, ताई." समुद्रापलीकडून येणारा तो आवाज अर्धा सेकंद उशिरा यायचा, त्यामुळे मी वाचून संपवल्यावर दर वेळी मध्ये एक शांतता असायची. त्या शांततेत तो ऐकत असायचा, हे मला माहीत होतं.

एका शुक्रवारी मीच त्याला म्हटलं, थांब, आज दुसरंच वाचायचंय. भाषा घडवणाऱ्या त्या माणसांचा ईमेल सोसायटीच्याच पत्त्यावर आला होता. त्याची दुरुस्ती त्यांनी घेतली होती. भाषेची पुढची आवृत्ती येईल त्यात सगळ्या लिपींतले आकडे वाचले जाणार होते आणि न कळणारा आकडा आला तर ती स्पष्ट सांगणार होती. माझं इंग्रजी बेताचं, अडखळत वाचलं. पलीकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ शांतता.

"ऐकतोयस ना?"

"परत वाचा, ताई."

मी परत वाचलं. वाचता वाचता मला रडू आलं, ते मी त्याला कळू दिलं नाही. तो म्हणाला, "बरं झालं. आता रहमत कुठे आहे ते सांगा."

पुढे नवी आवृत्ती आली, तालुक्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या माणसाने ती बसवून दिली. याने जाताना लिहून ठेवलेल्या सूचनांप्रमाणे त्याने आमची जुनी डागडुजी काढून टाकली, कारण आता तिची गरज नव्हती. मी भीतभीत ५२ टाकले. ठिपका रत्नागिरीसमोर उमटला. त्या शुक्रवारी मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. त्याचं हसणं मी फार थोड्या वेळा ऐकलं होतं.

मग एका शुक्रवारी फोन आला नाही. मी रहमतची जागा कागदावर लिहून फोनजवळ ठेवली होती. फोन वाजला तो बर्फवाल्याचा. कार्ड संपलं असेल, कामावर बोलावलं असेल, असं मनाशी म्हणत राहिले. संध्याकाळी खाला आली, तिसरी ओळ बघितली आणि विचारलं, "त्याचा फोन आला?" मी तोंड उघडलं होतं ते लाइन मिळत नसेल असं काहीतरी सांगायला. पण म्हटलं, "नाही आला, खाला. का ते मला माहीत नाही." तिने मान हलवली.

बातमी तांडेलाने आणली. कामावर असतानाच छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचवेपर्यंत संपलं होतं. वय काही नव्हतं. इतकी वर्षं त्याने एकेका अंकाची काळजी केली आणि आम्ही त्याला हसत होतो, त्याच्या छातीची काळजी कुणाला करायची सुचली नाही. त्याला तिकडेच पुरलं. खालाला जाता आलं नाही, थोरल्यालाही नाही.

बरेच दिवस खाला सोसायटीकडे फिरकली नाही. तिसरी ओळ भरायची, रिकामी व्हायची. तिची वाट बघणारं आता दारात कुणी नव्हतं.

मग एक दिवस सकाळीच तांडेल तिला घेऊन आला. रहमत धक्क्याला होती. खाला आत आली आणि धाकट्याच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची कुणी हलवली नव्हती. जयगडचा तांडेलाचा एक दोस्त कुवेतच्या बंदरात टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, होता. तांडेलाने त्याला कबरस्तानात पाठवलं होतं, हातात जीपीएस देऊन. पाण्याखालचा खडक असो की बुडालेल्या बोटीचा सांगाडा, पाण्यातली प्रत्येक जागा आकड्यांनी लक्षात ठेवणारी ही माणसं. भावाची जागाही त्याने तशीच मागवली होती.

"ताई," तो म्हणाला, "आईचा म्हणणा हाय, त्याचा पण ठिपका लावा. मी आकडा सांगतो."

त्याने सांगितलं, वायरलेसवर सांगतात तसं दोनदा. या वेळी अंशही मला पुसून नवे टाकावे लागले. सोळा आणि त्र्याहत्तरच्या जागी एकोणतीस आणि सत्तेचाळीस. मिनिटं टाकली. सगळं मराठीत. ठिपका उमटणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी नकाशाकडेच बघत राहिले. पडद्यावर अक्षरं आली.

"काय बोलतो तो?" खालाने विचारलं.

मी वाचून दाखवलं. "आकडा मिळाला. ही जागा या नकाशात नाही."

तांडेलाने तोंड खिडकीकडे फिरवलं. खाला पडद्याकडे बघत होती. म्हणाली, "पुरा सांगितलान."

मग ती खुर्चीत पुढे सरकली. उजव्या हाताची तर्जनी उचलली आणि तिला वाचता न येणाऱ्या त्या आकड्यांच्या पहिल्या अंकाखाली ठेवली.

"परत वाच, बाय."

मी एकेक अंक सुटा करून वाचला.